बाजरी आणा, पीठ नको

मेसमध्ये बाजरीची भाकरी असली की बेसिनजवळच्या बादलीत अर्ध्या-अर्ध्या भाकऱ्या पडलेल्या दिसतात. मग कुणीतरी मेसच्या काकांना ऐकवतं. मीही ऐकवलंय. आता वाटतं, चूक काकांची नव्हतीच. महिन्याचं पीठ एकदम भरायचं हे मेस कमिटीने, म्हणजे आपणच ठरवलेलं आहे.

गव्हाचं एक वेळ निभावतं, बाजरीचं नाही. बाजरीत साधारण पाच टक्के स्निग्धांश असतो. दाणा अख्खा असेल तर महिनोन् महिने काही होत नाही. पण दळला की तो स्निग्धांश आणि त्याला फोडणारं एन्झाइम एकत्र येतात, आणि थोड्याच दिवसांत पीठ खवट, कडू. घरी आजी बाजरी चार-आठ दिवसांपुरतीच दळायला पाठवते, ती काही बायोकेमिस्ट्री शिकून नव्हे!

खात्री करायला यंदा दिवाळीनंतर घरून दोन किलो बाजरी आणली आणि काकांच्या परवानगीने मेसमधल्या चटणीच्या मिक्सरवर दळायला घेतली. (रूमवर नाही सर, नियम माहीत आहे.) उत्साहात भांडं गळ्यापर्यंत भरलं. मिक्सर गुरगुरला आणि बंद. 'मोटर गेली,' असं आमच्या इलेक्ट्रिकलच्या मित्राने जाहीर केलं. काकांनी मिक्सर आडवा करून खालचं ओव्हरलोडचं लाल बटण दाबलं. इंजिनिअर कोण, हा विषय इथेच सोडू.

मग शहाणे झालो. भांडं तिसरा हिस्साच भरायचं, अर्धा मिनिट फिरवायचं, थांबायचं, परत अर्धा मिनिट. चाळून वर राहिलेली भरड पुन्हा भांड्यात. गिरणीचे दगड दाणा रगडतात, मिक्सरचं पातं नुसतं आपटून फोडतं. त्यामुळे पीठ जरा रवाळच राहतं, आणि हट्टाने फिरवत बसलं तर गरम होतं. पोळीला ते कामाचं नाही. पण उकळतं पाणी घालून दहा मिनिटं झाकून ठेवलं आणि मग मळलं, तर भाकरी थापता येते. काकांच्या भाकऱ्या कडेला चिरल्या, पण कडू? अजिबात नाही. बादलीत तुकडा गेला नाही.

म्हणून मेसला मिक्सर लावा असं मी म्हणत नाही. दोनशे भाकऱ्यांना वीस किलो पीठ. एका वेळी दोनशे ग्रॅम धरले तर शंभर घाणे. एक मिनिट दळण, दोन मिनिटं विश्रांती, म्हणजे पाच तास! चटणी कधी वाटणार?

कमिटीने पिठाऐवजी बाजरीचं पोतं भरावं आणि आठवड्यातून दोनदा लागेल तेवढीच गेटबाहेरच्या गिरणीत दळून आणावी. 'नेणार कोण?' हा प्रश्न मीटिंगमध्ये येणारच. बुधवारची पाळी माझी. सायकल मात्र कुणीतरी द्या, माझी पंक्चर आहे.