परीक्षक बाहेरचा हवा की त्रयस्थ?

मराठीत 'बाह्य' आणि 'त्रयस्थ' हे दोन शब्द जवळचे वाटतात, परंतु त्यांत मोठे अंतर आहे. बाह्य म्हणजे उंबऱ्यापलीकडचा. त्रयस्थ म्हणजे दोन्ही पक्षांपासून निराळा, तिसऱ्या जागी उभा असलेला. पहिला शब्द माणसाचा पत्ता सांगतो, दुसरा त्याची भूमिका सांगतो. आपल्या विद्यापीठांच्या नियमांत 'बाह्य परीक्षक' जागोजागी आढळतो. 'त्रयस्थ परीक्षक' मात्र कोठेही सापडत नाही. केवळ शब्दाचा हा फरक असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु या फटीतूनच सीमाभागातील मराठीच्या उच्च शिक्षणाची पत हळूहळू गळून चालली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सीमाप्रश्नाच्या चळवळीने परीक्षकांच्या नेमणुकीकडे का पाहावे, असे कोणी विचारील. आपण मराठी फलकांसाठी झगडतो, मराठी परिपत्रकांसाठी अर्ज करतो, मराठी शाळा टिकाव्यात म्हणून मोर्चे काढतो. मग मराठी विषयाची पदवी हासुद्धा एक दस्तऐवजच आहे, हे आपण का विसरतो? बेळगाव, खानापूर किंवा निपाणीचा विद्यार्थी मराठीची पदव्युत्तर पदवी अथवा डॉक्टरेट घेऊन कोल्हापूर-पुण्यास मुलाखतीला जातो, तेव्हा समोरचे मंडळ तोंडाने काही बोलत नाही. पण मनात एक प्रश्न असतोच, की ही पदवी कोणी तपासली? दस्तऐवजाला साक्षीदार लागतो. पदवीचा साक्षीदार म्हणजे बाह्य परीक्षक. साक्षीदार घरचाच निघाला, तर दस्तऐवज खरा असूनही त्याचा भरवसा धरला जात नाही.

ही पद्धत ज्या गरजेतून जन्मली, ती गरज आपल्यासारखीच होती. इंग्लंडात १८३२ साली डरहॅम विद्यापीठ स्थापन झाले. नव्या विद्यापीठाच्या पदवीवर लोकांनी विश्वास का ठेवावा, हा प्रश्न होता. डरहॅमने ऑक्सफर्डचे परीक्षक बोलावले आणि आपल्या पदवीची पातळी जुन्या विद्यापीठाच्या तोडीची आहे, हे परक्याच्या तोंडून वदवून घेतले. दुबळ्या संस्थेने आपली प्रतिष्ठा राखण्यासाठी योजलेला हा उपाय होता. पुढे १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर निघाली. तेथे शिकवणे महाविद्यालयांचे आणि परीक्षा घेणे विद्यापीठाचे, अशी उघड विभागणी होती. कालांतराने विद्यापीठेच शिकवू लागली, महाविद्यालयांना स्वायत्तता मिळाली, अंतर्गत गुणांचा वाटा वाढला. शिकवणारा आणि पारखणारा एकच झाला. त्या जुन्या विभागणीचा जो अवशेष उरला आहे, तोच बाह्य परीक्षक.

आम्ही वकिली करणारी माणसे. म्हणून हा प्रश्न आम्हांला नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वासारखा दिसतो. स्वतःच्या प्रकरणात कोणी स्वतः न्यायाधीश होऊ नये, हे त्यातले पहिले सूत्र. क्रैपाक खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे वन सेवेच्या निवडीचा वाद होता. निवड मंडळावर बसलेला एक अधिकारी स्वतःच उमेदवार होता. स्वतःच्या नावाचा विचार झाला त्या वेळी तो बैठकीत नव्हता. परंतु प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर विचार करताना होता. न्यायालयाने ती निवड रद्द केली. पक्षपात प्रत्यक्ष घडल्याचे सिद्ध करण्याची गरज नाही, तो घडण्याची रास्त शक्यता पुरेशी आहे, असा त्याचा आशय. हे माप प्रबंधाला लावून पाहावे. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या प्रबंधाला दिलेली पसंती ही काही अंशी त्याने स्वतःच्या मार्गदर्शनाला दिलेली पसंती असते. त्यात त्याचा दोष नाही. ती मनुष्यस्वभावाची मर्यादा आहे. म्हणूनच परीक्षक-मंडळात तिसऱ्या जागी उभा असलेला माणूस लागतो.

आता नियमांची भाषा पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या पीएच.डी. विनियमांत प्रबंधाचे मूल्यमापन किमान दोन तज्ज्ञांनी करावे आणि त्यांपैकी किमान एक राज्याबाहेरील असावा, असे बंधन होते. २०१६ साली नवे विनियम आले. त्यांत दोन बाह्य परीक्षक राहिले. ते संस्थेच्या नोकरीत नसावेत, ही अट आली. एक परीक्षक देशाबाहेरील असू शकेल, असे म्हटले गेले. राज्याबाहेरील तज्ज्ञाचे बंधन गेले. २०२२ च्या विनियमांत शक्य असेल तेथे एक परीक्षक भारताबाहेरून निवडावा, अशी शब्दयोजना आहे. राज्याची सीमा ओलांडण्याचे बंधन तेथेही परतले नाही.

भौतिकशास्त्राला किंवा अर्थशास्त्राला या बदलाने फारसे बिघडले नसेल. मोठ्या राज्यात त्या विषयांचे शेकडो प्राध्यापक असतात, आणि परदेशांतही तज्ज्ञांची वाण नाही. परंतु कर्नाटकातील मराठीचे काय? येथे विद्यापीठीय पातळीवर मराठी शिकवणारे वर्तुळ लहान आहे. एकाच गुरूचे शिष्य निरनिराळ्या महाविद्यालयांत शिकवतात. आज जो परीक्षक, त्याचाच विद्यार्थी उद्या दुसऱ्याच्या परीक्षेस उभा राहतो. 'संस्थेच्या नोकरीत नसावा' ही अट अशा वर्तुळात अक्षरशः पाळली जाते आणि अर्थाने मोडली जाते. परीक्षक बाह्य असतो, त्रयस्थ नसतो. आणि मराठीचा परीक्षक भारताबाहेर शोधावयाचा म्हटले, तर किती सापडणार? याउलट बेळगावहून कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, गोवा विद्यापीठही घाटाखालीच आहे. देशाच्या सीमेपलीकडे जाण्याची सूचना देणारा नियम या जवळच्या सीमेविषयी मौन पाळतो. आमच्यासाठी त्या विनियमातील सर्वांत मोलाचा शब्द 'राज्याबाहेरील' हाच होता, आणि तोच वगळला गेला. भाषिक अल्पसंख्याकांचा एकही प्रतिनिधी तो मसुदा डोळ्यांत तेल घालून वाचत नव्हता, हे आपलेही अपयश आहे.

ही तक्रार केवळ कर्नाटकातील मराठीपुरती नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात किंवा हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात मराठीचा अभ्यास करणाऱ्यालाही हेच लागू होते. मुंबई विद्यापीठाच्या कन्नड विभागातील संशोधकालाही राज्याबाहेरील, म्हणजे बहुधा कर्नाटकातील, परीक्षक मिळण्याचा तितकाच अधिकार असला पाहिजे. आपल्याला हवा तो न्याय आपण दुसऱ्याला नाकारला, तर आपल्या मागणीला नैतिक बळ राहणार नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की राज्याबाहेरील परीक्षक नेमण्यास आजही मनाई नाही. विद्यापीठांनी खुशाल नेमावेत. 'नेमता येईल' आणि 'नेमावा लागेल' यांतील फरक ज्याला कळत नाही, त्यानेच हा युक्तिवाद करावा. ऐच्छिक गोष्ट प्रवासखर्चाच्या पहिल्याच आक्षेपाला बळी पडते, आणि मूल्यमापन विभागाला जवळचा, ओळखीचा, लवकर अहवाल धाडणारा माणूस नेहमीच सोयीचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पुण्या-मुंबईचा परीक्षक येथील मराठी जाणत नाही. चंदगडी बोलीतील किंवा कन्नडच्या सहवासाने घडलेल्या वाक्यरचनेला तो सरळ अशुद्ध ठरवतो, अशी तक्रार आम्हीही ऐकली आहे, आणि तीत तथ्य आहे. बोलीवरील प्रबंधाला बोली जाणणाराच परीक्षक हवा. परंतु यावरचा उपाय दार लावून घेणे हा नव्हे. परीक्षकाचा अहवाल उघड असेल, तर त्याच्या अज्ञानाला साधार उत्तर देता येते, आणि पुढच्या वेळी त्याला बोलावू नये हे नोंदवता येते. घरातल्या घरात झालेल्या कौतुकाला मात्र कोणी उत्तरही देऊ शकत नाही.

आता स्वतःकडे बोट दाखवण्याची वेळ आहे. विद्यापीठांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. परीक्षक येणार म्हटले की फोन कोण करते? 'आपली मुले आहेत, सीमाभागातली आहेत, जरा सांभाळून घ्या' ही वाक्ये आपल्याच तोंडची आहेत. काही वर्षांपूर्वी एक संशोधक विद्यार्थिनी आमच्याकडे आली होती. तिला डॉक्टरेट मिळाली होती, प्रबंध पुस्तकरूपाने काढावयाचा होता, आणि त्यापूर्वी दुरुस्त्या कराव्यात म्हणून तिने परीक्षकांचे अहवाल खटपटीने मिळवले होते. तिच्या प्रबंधात सहा प्रकरणे होती. एका अहवालात पाच प्रकरणांची स्तुती होती. दुसऱ्या अहवालातील एक परिच्छेद पहिल्यातील परिच्छेदाशी अक्षरशः जुळत होता, अशुद्धलेखनासकट. 'माझा प्रबंध कोणी वाचलाच नाही का?' एवढेच तिने विचारले. दाद मागण्याजोगे प्रकरण आमच्या हाती नव्हते, कारण ती उत्तीर्ण झाली होती. पाच वर्षांच्या कष्टांची याहून मोठी अवहेलना कोणती? ज्याला आपण सांभाळून घेणे म्हणतो, ते असे असते.

कायद्याची मर्यादाही येथेच आहे. परितोष शेठ प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नियमात तरतूद नसेल तर फेरमूल्यमापन हा हक्क म्हणून मागता येत नाही. २०११ साली आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा अधिकार माहितीच्या अधिकाराखाली मान्य झाला. हे पाऊल मोठे आहे. पण ते मुख्यतः नाराज परीक्षार्थीच्या कामाचे. न वाचता उत्तीर्ण केल्याबद्दल कोर्टाची पायरी कोण चढेल? म्हणून हा बंदोबस्त विद्यापीठाच्या आतच व्हावयास हवा.

तो कसा असावा, याचा नमुना उपलब्ध आहे. ब्रिटनमधील उच्च शिक्षणाच्या गुणवत्ता संहितेत २०११ साली बाह्य परीक्षकांविषयी जे प्रकरण आले, त्यात नेमणुकीची मुदत सामान्यतः चार वर्षे, दोन विभागांनी एकमेकांचे परीक्षक अदलाबदलीने नेमण्यास मज्जाव, परीक्षकाचे नाव विद्यार्थ्यांना कळवणे आणि त्याचा वार्षिक अहवाल विद्यार्थ्यांना पूर्णपणे उपलब्ध करणे, अशा गोष्टी होत्या. तेथील परीक्षक गुण देण्यापुरता येत नाही. प्रश्नपत्रिका, गुणदानाची पद्धत आणि पातळी यांवर मत देतो, आणि संस्थेला त्याची दखल घ्यावी लागते.

आमच्या मागण्या त्यामुळे मोजक्या आहेत. ज्या राज्यात एखादी भाषा अल्पसंख्य आहे, तेथे त्या भाषेच्या प्रबंधासाठी किमान एक परीक्षक राज्याबाहेरील असणे पुन्हा बंधनकारक करावे. एकच परीक्षक एकाच विभागाकडे वर्षानुवर्षे येऊ नये, आणि परस्पर देवाणघेवाण स्पष्टपणे निषिद्ध असावी. निकालानंतर अहवाल खुला व्हावा. विभागाने त्याला लेखी उत्तर द्यावे आणि तेही त्यासोबत ठेवावे. परीक्षकाला मानधन व प्रवासखर्च वेळेवर मिळावा, कारण महिनोन्‌महिने बिल अडकवून ठेवणाऱ्या संस्थेला कसून वाचणारा परीक्षक मिळत नाही. आपली भाषा जतन करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २९ ने दिला आहे. भाषेतील ज्ञानाची पातळी ढासळू न देणे हा त्या जतनाचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा आपण पेढे वाटले. दर्जा दिल्लीत जाहीर होतो, पण तो राखला जातो प्रबंध वाचणाऱ्याच्या टेबलावर. म्हणून कोल्हापूर, पणजी, पुणे आणि मुंबईच्या प्राध्यापकांना आमची विनंती आहे. सीमाभागातून बोलावणे आले तर जरूर या. येथील जेवण घ्या, शालही घ्या. मात्र येण्यापूर्वी प्रबंध शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि जेथे तो कच्चा आहे तेथे कच्चा म्हणा. आमच्या मुलांना दयेचे गुण नकोत; त्यांचे लिहिणे कोणी परक्याने मन लावून वाचले, एवढी नोंद त्यांच्या पदवीमागे हवी आहे.