सुरीला सुरीच राहू द्या

लाटव्हियन भाषेत सुरीला जो शब्द आहे त्याचं रोमन स्पेलिंग असं: एन, ए, झेड, आय, एस. इंग्रजी वाचणाऱ्याला थेट 'नाझी लोक' दिसतात. त्यावर विनोद फिरतात, फिरू देत. पण 'हा शब्द बदलत का नाहीत?' असं कुणी गंभीरपणे विचारलं की बोलावंसं वाटतं.

या शब्दाचा हिटलरशी काडीचा संबंध नाही. रशियनमध्ये सुरीला 'नोझ' म्हणतात, त्याचा हा नातलग. शेवटचा 'इस' हा पुल्लिंगी एकवचनाचा प्रत्यय. म्हणजे इंग्रजीला जे अनेकवचन वाटतं, ती तिथे एकच सुरी असते! खऱ्या नाझीला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, 'नात्सिस्त्स'. त्यांचा स्वतःचा कधीच घोटाळा होत नाही.

आणि नाझी म्हणजे काय, हे लाटव्हियाला आपण शिकवायला नको. १९४१ साली ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर या दोन दिवसांत रिगाजवळ रुम्बुलाच्या जंगलात सुमारे २५ हजार ज्यूंना गोळ्या घालून मारलं. त्यात मदत करणारे स्थानिक लोकही होते. आज तिथे सार्वजनिक कार्यक्रमांत नाझी चिन्हांवर कायद्याने बंदी आहे. स्वयंपाकघरातल्या सुरीवर नाही. याला म्हणतात तारतम्य.

हे आपल्याला तरी चटकन कळायला हवं. आपली 'शिक्षा' हिंदीत शिक्षण होते, आपली 'चेष्टा' तिकडे प्रयत्न होते. आपल्या उंबरठ्यावरचं स्वस्तिक परदेशात किती जणांना दचकवतं!

प्रश्न हसण्याचा नाही, मशीनच्या हाती कात्री देण्याचा आहे. १९९६ साली एओएलच्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना खातीच उघडू दिली नव्हती, कारण गावाच्या नावात एक शिवी दडलेली होती. द्वेष पसरवणारा हुशार असतो, एक अक्षर बदलून निसटतो. अडकतो तो साधा माणूस.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: ज्या भाषेतल्या पोस्ट तपासायच्या, ती भाषा जाणणारी माणसं नेमा. मराठीसाठी नेमा, लाटव्हियनसाठीही नेमा. शब्द कोणत्या भाषेतला आहे हे आधी विचारा, मग त्याच्यावर खटला भरा.

तुम्हाला काय वाटतं?