महाडचा डॉक्टर आणि सायटेशनचा हिशेब

वैद्यकीय महाविद्यालयात बढतीसाठी मुलाखत असली की समितीपुढे आधी आकडे येतात. शोधनिबंध किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती. त्या निबंधांत नेमकं काय लिहिलंय, हे विचारायला वेळ उरत नाही. असं का होऊ नये हे सांगायला मला डॉ. हिंमतराव बावस्करांइतकं चांगलं उदाहरण सापडत नाही.

१९७६ साली बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं तिथे येत. दरदरून घाम, ओकाऱ्या, गार पडलेले हातपाय, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरून मृत्यू. उपचार असा नव्हताच. हा तरुण सरकारी डॉक्टर रात्र रात्र खाटेशी बसून नाडी आणि रक्तदाब लिहून ठेवत राहिला. त्या नोंदींतून विंचूदंशात हृदय धोक्यात येण्याची पूर्वलक्षणं त्यांनी मांडली आणि १९८२ साली तो निबंध ‘द लॅन्सेट’ने छापला.

पुढचा टप्पा अधिक मोलाचा. विंचवाच्या विषाने अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं शरीरात उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदय हरतं. प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी नेमकं तेच आवळणं सोडवते. डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबत लिहिलेला प्राझोसिनवरचा निबंध १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच आला. जिथे गंभीर दंशाच्या शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत, तिथे हे प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०११ मध्ये या दोघांनीच महाडमधल्या ७० रुग्णांवर केलेली चाचणी ‘बीएमजे’ने प्रसिद्ध केली. प्राझोसिनला विंचूप्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हे तिने दाखवलं.

आता सायटेशनकडे वळू. प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा ऑलिव्हर लॉरी यांचा १९५१ चा निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला आहे, कारण जगभरच्या प्रयोगशाळांत ती पद्धत रोज लागते. लॉरींचं काम उपयोगी होतं, यात वाद नाही. पण विंचूदंशावरचा कुठलाही निबंध त्या आकड्याच्या जवळपास जाऊ शकत नाही. सायटेशन देतो तो निबंध लिहिणारा संशोधक. ज्या देशांत संशोधनाचा पैसा आहे, तिथले लोक शेतात अनवाणी राबताना विंचू चावून मरत नाहीत, म्हणून तिथे त्यावर लिहिणारेही थोडे. आणि आपल्याकडे ती गोळी देऊन मूल वाचवणारा तालुक्याचा डॉक्टर निबंध लिहीत नाही. त्याने वाचवलेला जीव कुठल्याच निर्देशांकात येत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टर हे तर मुळात नियतकालिकाचं माप. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच ते सांगतं. युजीन गारफील्ड यांनी रूढ केलेल्या या मापाचा ग्रंथपालांना नियतकालिकं निवडायला उपयोग झाला. माणसाची योग्यता ठरवायला ते वापरणं चूकच आहे.

तरी आकडे फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांची दहा वर्षं तपासली. त्यांतल्या ३३२ संस्थांतून एकही शोधनिबंध आलेला नव्हता. शिकवणाऱ्या संस्थेत इतका शुकशुकाट असेल तर तो मोजलाच पाहिजे. मात्र यावर बढतीसाठी निबंधसंख्येची अट हा उपाय नव्हे. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं अशा अटींवरच पोसली जातात, आणि तिथे छापलेल्या कच्च्या निष्कर्षांवर उद्या कुणी उपचार ठरवला तर किंमत रुग्ण मोजतो.

संशोधकाला नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून जोखू नये, असं सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात २०१२ पासून लिहिलेलं आहे. निवड समित्यांवर बसणाऱ्या ज्येष्ठ अध्यापकांना माझी विनंती आहे: उमेदवाराकडून त्याचे सर्वांत चांगले दोन निबंध आधी मागवून घ्या, ते स्वतः वाचा, आणि मुलाखतीत त्यावरच प्रश्न विचारा.