नाही म्हणायची ऐपत

‘पैशाने सुख मिळत नाही’ हे वाक्य कीर्तनात, निरोप समारंभात, सोयरिकीच्या बैठकीत सारख्याच खात्रीने उच्चारलं जातं आणि ऐकणारे माना डोलावतात. मला ते मान्य नाही. ज्याच्या हातात पैसा नाही त्याला ते ऐकवणं तर मी अन्याय मानतो.

त्या वाक्याच्या बाजूने दोन पुरावे हमखास दिले जातात. अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी 1974 मध्ये दाखवलं की अमेरिकेचं उत्पन्न वाढलं, पण लोकांचं समाधान त्या प्रमाणात वाढलं नाही. आणि 2010 मध्ये डॅनियल कानेमन व अँगस डीटन यांनी मांडलं की वर्षाला सुमारे 75 हजार डॉलर मिळू लागले की त्यापुढच्या पैशाने रोजची मनःस्थिती सुधारत नाही. पण त्या आकड्यापर्यंत ती सुधारतच जाते, हेही त्याच अभ्यासात आहे. ते कोणी सांगत नाही. एकाच देशात श्रीमंत माणूस गरिबापेक्षा अधिक समाधानी असतो, ही नोंद खुद्द ईस्टरलिन यांचीच. पुढे 2023 मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांच्याबरोबर कानेमन यांनी आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा ती मर्यादा मुळातच दुःखी असलेल्या थोड्यांपुरती निघाली. बाकीच्यांचं सुख उत्पन्नाबरोबर पुढेही वाढत होतं.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा अभ्यास. तो 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. ऊस तुटण्याआधी, हात रिकामे असताना शेतकऱ्यांच्या बुद्धीची चाचणी घेतली, आणि तुटून पैसे मिळाल्यावर पुन्हा घेतली. माणसं तीच, तरी दुसऱ्या वेळी त्यांची कामगिरी स्पष्टपणे चांगली झाली. पैशाची चणचण खिशात थांबत नाही, ती डोक्यातली जागाही व्यापते. अशा माणसाला ‘मन शांत ठेव’ म्हणणारा त्याच्या मनावर काय लादलेलं आहे ते पाहतच नाही.

आता आपल्याच ऊसतोडीकडे या. बीडमधून नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होऊन निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती लेकीच्या लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात आधीच संपलेली असते. पुढचे महिने ती फेडायची. एक दिवस पडून राहिलं की खाडा, म्हणजे दंड. पाळीच्या दुखण्यालाही तो चुकत नाही. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या 2019 च्या पाहणीत बीडमधल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यामागे चुकीचा वैद्यकीय सल्ला होता, खाजगी दवाखान्यांचा लोभ होता. पण खाडा परवडत नाही, हेही कारण होतं. गाठीला दोन महिन्यांचा खर्च असता तर यातल्या कितीतरी जणी डॉक्टरला आणि मुकादमाला ‘नाही’ म्हणू शकल्या असत्या. पैसा माणसाला देतो ती सगळ्यात मोठी गोष्ट हीच: नाही म्हणायची ऐपत. साडी, मोटार, बंगला हे त्याच्या फार नंतर येतं.

समाधानाच्या उपदेशासाठी इथे तुकोबांचं नाव पुढे केलं जातं. पण तुकोबांच्या घरी सावकारी होती, आणि दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. विपन्नता काय असते ते त्यांना ऐकून माहीत नव्हतं. परंपरा सांगते की त्यांनी भावाच्या वाट्याची कर्जखतं भावाला दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. ऋणकोंना ‘समाधानी राहा’ असं सांगून ते थांबले नाहीत. त्यांच्या मानेवरचं देणंच त्यांनी उतरवलं. सचोटीने धन जोडायला तर त्यांचा पाठिंबाच आहे.

हव्यास माणसाला पोखरतो, शेजाऱ्याची गाडी पाहून स्वतःची कमी वाटू लागते, हे मी नाकारत नाही. पोट भरलेल्यांनी समाधानाचा उपदेश एकमेकांना जरूर करावा. तोडणीला निघालेल्या बाईला मात्र लेखी करार हवा, उचलीचा हिशेब तिच्या हातात हवा, आजारपणात खाडा बंद हवा, आणि मजुरी थेट तिच्या स्वतःच्या खात्यात हवी. आज ती बहुतेकदा नवऱ्याच्या नावाने, जोडीची म्हणून मोजली जाते.