सावित्रीबाईंचे खरे स्मरण

१० मार्च आला म्हणजे जालना, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतूनही सावित्रीबाई फुले यांच्या तसबिरीस हार चढतात. हार अवश्य घालावेत. पण ही बाई कोण होती, हे मुलाबाळांस सांगितल्यावाचून ते सुकू देऊ नयेत.

१८३१ साली नायगावी शेतकऱ्याच्या घरी त्या जन्मल्या. लग्नानंतर जोतीरावांनी त्यांस अक्षर शिकविले. १८४८ पासून पुण्यात त्या स्वतः मुलींना शिकवू लागल्या. लोकांनी अंगावर शेण फेकले, तरी त्यांनी शाळा सोडली नाही. १८७७ च्या दुष्काळात उपाशी पोरांच्या अन्नाची तजवीज केली. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याचे एक आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, आणि त्याच रोगाने त्यांचा अंत झाला.

आता आपल्या घराकडे पाहू. दिवाळी सरली की जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीस जातात. पोरगी संगे जाते, धाकटी भावंडे सांभाळते, आणि वर्गातील तिची जागा रिकामी राहते. दोष आईबापांचा नव्हे, पोटाचा आहे. पण बंधुभगिनींनो, गावात आजी, मावशी, शेजारी आहेत ना? येत्या दसऱ्यापूर्वीच अशा मुलांची नावे ग्रामसभेत लिहवा, हंगामी वसतिगृहासाठी मास्तर व सरपंच यांजकडे तगादा लावा, आणि ते न झाल्यास आपली चूल पुढे करा.

सावित्रीबाईंनी परक्याचे पोर पाठीवर घेतले. आपण शेजाऱ्याचे पोर पंगतीस घ्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.