बोलणं आणि बोलणी

मराठीत 'बोलणं' आणि 'बोलणी' यांत फरक एवढाच की एक करतात आणि दुसरी खातात. घरातल्या पोराला इंटरनेटचं व्यसन लागलं की आईबापांपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे त्याला बोलणी वाढतात. वर विचारतात, "नुसतं बोलून कुठं व्यसन सुटतं का हो?"

आमच्या सोसायटीतले तात्या या मताचे कट्टर पुरस्कर्ते. "वर्षभर बोलतोय मी नातवाला, सकाळ-संध्याकाळ! ढिम्म फरक नाही." तात्या, तुम्ही बोलताय हेच तर दुखणं आहे! त्या उपचारात बोलायचं असतं नातवानं. (स्वतः तात्या पहाटे साडेपाचला मोबाइलच्या दुष्परिणामांवरचा मजकूर साठ जणांना पाठवतात. मोबाइलवरून.)

गंमत म्हणजे या रोगाचं बारसंच थट्टेत झालं. १९९५ साली न्यूयॉर्कच्या इव्हान गोल्डबर्ग नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं रोगांच्या जाडजूड यादीची टिंगल म्हणून हा विकार लिहून काढला, तर लोक खरंच सांगू लागले की आम्हाला हा झालाय! आज मात्र थट्टा उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली गेमिंगच्या विकाराला आपल्या यादीत घेतलं. बंगळूरच्या निम्हान्समध्ये तर २०१४ सालीच असल्या त्रासासाठी दवाखाना निघाला.

आता तिथं बोलतात म्हणजे काय करतात? उपदेश नव्हे. पोराला वही देतात. फोन कधी उचललास, त्याच्या आधी मनात काय चाललं होतं, ते लिही. मग कळतं की वर्गात त्याला कुणी हाक मारत नाही आणि गेममध्ये मात्र वीसजण त्याच्याशिवाय डाव सुरू करत नाहीत. 'मी बाहेर कुणालाच नको' हे खरं का, ते मग दोघं मिळून तपासतात. फोन हिसकावल्यानं हे कसं कळणार? शिवाय दारूवाचून माणूस जगतो. इंटरनेटवाचून कॉलेजचा अर्ज भरून दाखवा! म्हणून सगळं बंद करायचं नसतं, नेमकं गळ्याशी आलेलं तेवढं सोडवायचं असतं.

"हे सगळं कागदावर ठीक," म्हणणाऱ्यांसाठी आकडेही आहेत. जर्मनी-ऑस्ट्रियात १४३ पुरुषांवर प्रयोग झाला, निष्कर्ष २०१९ साली छापून आले. निम्म्यांना पंधरा आठवडे हा उपचार, बाकीचे प्रतीक्षायादीत. उपचार घेतलेल्यांतले शेकडा ६९ सुटले, ताटकळलेल्यांतले २४. (हे २४ कसे सुटले कोण जाणे! घरचे गावाला गेले असावेत.)

उलट 'चांगला इंगा दाखवा'वाल्यांनी चीनकडे पाहावं. तिथं एका इस्पितळात पोरांना या व्यसनापायी विजेचे झटके देत. शेवटी २००९ साली तिथल्या आरोग्य मंत्रालयालाच ते थांबवा म्हणावं लागलं.

तरी आमच्याकडे शेवटचा हुकमी पत्ता पडतोच, "नुसतं बसून ऐकायचे एवढे पैसे?" अहो, वकील बोलण्याचे घेतो, क्लासवाला बोलण्याचे घेतो, लग्न जुळवणारा तर दोन्हीकडून घेतो, तेव्हा आपण ब्र काढत नाही. ऐकण्याचे पैसे घेणारा पहिल्यांदा भेटला की बिथरतो. ठीक आहे. तुम्ही एक तास स्वतःच्या पोराचं ऐका. मध्ये 'आमच्या वेळी' म्हणायचं नाही, घड्याळ बघायचं नाही, शेजारच्या मुलाचे मार्क काढायचे नाहीत. जमलं तर फी मी देतो.