मुक्तिसंग्रामाचे उरलेले काम

दरवर्षी १७ सप्टेंबरला छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी ध्वजवंदन होते आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे गुणगान होते. ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केलेल्या या संन्याशाला १९४८ साली निजामाची राजवट संपली एवढ्यावर समाधान नव्हते. सरंजामशाही मोडावी, कसणाऱ्याला जमीन मिळावी, ही त्यांची धारणा होती. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, १९५० साली कूळकायदा आला. तरीही मराठवाड्यात गायरान कसणारे कित्येक भूमिहीन सातबाऱ्यावरील नावासाठी आजही तहसिलीचे उंबरठे झिजवीत आहेत. स्वामीजींचा वारसा सांगणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने त्यांच्या पाठीशी उभे राहावे. मुक्तिसंग्रामाचे उरलेले काम तेच आहे.